वाऱ्याचा दवाखाना

माणसांना एकच हात वीस वेळा वर करायला सांगणं हे माझं काम आहे. सातव्या आणि आठव्या वेळेच्या मधे माणूस दमतो, थांबतो, आणि थांबला की बोलतो. दीड वर्षात अशी कितीतरी माणसं माझ्यासमोर थांबलीत. मी स्वतः फार बोलत नाही, त्यामुळे ऐकलेलं सगळं तसंच्या तसं साठून राहतं. हे थोडं उपसून टाकते.

शहापूरला बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं फिजिओथेरपी सेंटर आहे. बोर्डावर तसंच लिहिलंय. पण रिक्षावाल्याला फिजिओथेरपी म्हटलं तर तो दाताच्या डॉक्टरकडे सोडतो. 'वाऱ्याचा दवाखाना' म्हटलं की बरोबर दारात. अंगावरून वारं गेलेली, म्हणजे लकवा मारलेली माणसं इथे येतात, म्हणून वाऱ्याचा. मेंदूतली एखादी रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, आणि मेंदूकडून हातापायाला, जिभेला, घशाला जाणारे रस्ते बंद पडतात. बंद रस्ता उघडतो का बघायचं, नाही उघडला तर आडवाट शोधायची, एवढंच आमचं काम. दवाखाना मॅडमचा. त्यांना सगळे मॅडमच म्हणतात, त्यांचे मिस्टरसुद्धा. मी त्यांची असिस्टंट. मधे आठ दिवस सुट्टी घेतली आणि लग्न केलं.

* * *

मी नवी होते तेव्हाचं. किन्हवलीकडचे दोन भाऊ आले. थोरल्याचा उजवा हात आणि उजवा पाय गेलेला. तो शांत होता. धाकटा मात्र दारातूनच तापून आत आला. त्याच्या हातात एमआरआयचा रिपोर्ट होता आणि कुणीतरी त्याला रिपोर्टमधला 'लेफ्ट' शब्द वाचून दाखवला होता.

त्याचं म्हणणं असं, की वारं गेलंय उजव्या अंगावरून आणि यांनी फोटो काढलाय डावीकडचा. त्याने फोन करून त्या सेंटरवाल्यांना झापलंही होतं. ते हसले, म्हणून तो जास्त तापला होता.

मॅडमनी कागद घेतला. डोकं काढलं, मान काढली, डोक्यातून निघणाऱ्या दोन रेघा काढल्या आणि मानेच्या वर त्यांची फुली केली. डाव्या मेंदूचा हुकूम उजव्या अंगाला जातो आणि उजव्याचा डाव्याला, तारा मधे एकमेकींना ओलांडतात, असं सगळं नीट सांगितलं. धाकट्याने कागद उलटा धरला, सुलटा धरला. मग त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"म्हंजे आमच्या वाडीसारखं. आमच्याकडं लाइट गेली का आमच्या खांबावर चढून उपेग नाय. फॉल्ट पलीकडच्या गावात असतो."

मॅडमनी तेव्हापासून चित्र काढणं बंद केलंय. आता खांबाचंच सांगतात.

* * *

माझं सासर धसईच्या अलीकडे. सकाळी एक एस.टी. आणि एक जीप बदलून शहापूर. लग्नाला दीड महिना झाला आणि माझ्या सासऱ्यांच्या, बाबांच्या अंगावरूनच वारं गेलं.

मेंदूचा डावा भाग, म्हणजे उजवा हात, उजवा पाय, बोलणं आणि गिळणं. खांबाचा हिशोब बरोबर होता. कल्याणच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवून त्यांना घरी सोडलं ते नाकात नळी घालून. हात-पाय हळूहळू हलायला लागले. त्यांना बोललेलं समजत होतं, पण बोलायला गेले की फक्त 'हं' निघायचं. आणि पोटात जायचं ते नळीतून. सासूबाई दर दोन तासांनी मोठ्या सिरिंजने पातळ पेज घालायच्या. पंगतीत शेवटच्या वाढपापर्यंत बसणारा माणूस, त्याच्या समोर आम्ही जेवू शकत नव्हतो. स्वयंपाकघरात दार लोटून जेवायचो.

शेजारच्या यमुनाकाकी बघायला आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पायगुन कुनाचा कसा असंल, सांगता येत नाय." सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या. काकींसाठी ठेवलेल्या चहात मात्र साखर घालायच्या विसरल्या. मी ते पाहिलं, काकी तो तसाच प्यायल्या.

चार आठवड्यांनी परत दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी घसा तपासला. नळी नाकात फार दिवस ठेवता येत नाही, म्हणाले. पंधरा दिवस देतो. तोवर तोंडाने घट्ट पेज गिळायला लागले तर नळी काढून टाकू. नाहीतर पोटाला छिद्र पाडून नळी तिथून बसवावी लागेल. पंधरा दिवसांनंतरचा मंगळवार ठरला.

डॉक्टर हे माझ्या नवऱ्याला सांगत होते, पण बाबांना सगळं समजलं. त्यांनी चांगला असलेला डावा हात उचलला आणि पोटावर ठेवला. घरी येईपर्यंत काढला नाही. त्यानंतर झोपतानाही हात तिथेच असायचा.

* * *

आता मुरबाडच्या गुरुजींचं सांगते.

रिटायर होऊन बरीच वर्षं झालेले गुरुजी. यांचा मेंदूचा उजवा भाग दुखावलेला. अशा माणसाचे डोळे चांगले असतात, पण डावीकडे काही असतं हेच मेंदूच्या ध्यानात राहत नाही. गुरुजी अर्धीच दाढी करायचे. पेपर वाचताना प्रत्येक ओळ मधूनच सुरू करायचे आणि म्हणायचे, हल्ली पत्रकारांना वाक्य लिहिता येत नाही.

त्यांना घेऊन दोघी सुना यायच्या. मुरबाडहून येऊन व्यायाम करून परत जायचं म्हणजे दुपार होते, म्हणून जेवण बरोबर. डब्यासोबत ताटही आणायच्या, कारण गुरुजी डब्यात जेवत नाहीत. भाजी-आमटी थोरलीची, ताटात उजवीकडे. चटणी-कोशिंबीर धाकटीची, डावीकडे. गुरुजी भाजी पुसून खायचे आणि चटणीला बोटही लावायचे नाहीत. रोज.

आठवड्याने धाकटी मला कोपऱ्यात घेऊन रडली. "माझ्या हातचं ते खात नाहीत. आमचं लव्ह मॅरेज ना. इतके दिवस मनात होतं, ते आता बाहेर पडलं."

मी जाऊन गुरुजींसमोरचं ताट अर्धं फिरवलं.

गुरुजी ताटाकडे बघून खूश झाले. "वा, चटणी केलीत आज! आठवडाभर का बंद होती?" म्हणाले आणि सगळी चटणी संपवली. धाकटी आता वेगळ्या कारणाने रडायला लागली.

थोरली ताटाकडे बघत उभी होती. मला हळूच विचारते, "आणि माझी भाजी आता कुठं गेली?"

* * *

सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतून बुधाजीबाबा आणि त्यांची बायको ठकूबाई येतात. बुधाजीबाबांचा डावा हात दोरीसारखा लोंबायचा. उचला म्हटलं की ते दात-ओठ खाऊन प्रयत्न करायचे, पण हाताला पत्ता नसायचा.

एक दिवस ठकूबाई आल्या त्या पेढे घेऊनच. हात वर झाला होता! आदल्या दिवशी संध्याकाळी बुधाजीबाबांनी जांभई दिली आणि जांभईबरोबर हात आपोआप खांद्यापर्यंत वर गेला. जांभई संपली, हात खाली. शाळेत पोरगं 'बाई, मी सांगू?' म्हणून हात वर करतं, तसा. वाडी जमली होती बघायला.

ठकूबाईंनी पुढचा विचारही करून ठेवला होता. जांभई लागट असते. एकाने दिली की दुसऱ्याला येते. मग त्या स्वतः त्यांच्यासमोर बसून जांभया द्यायला लागल्या. मग सुनेला बसवलं. मग शेजाऱ्यांना. शहापूरला येताना जीपमधल्या सगळ्यांना कामाला लावलं. आमच्या बाकावर बसलेले पाच पेशंटही एकामागून एक जांभया देत होते आणि बुधाजीबाबांचा हात रेल्वेच्या सिग्नलसारखा वर-खाली चालला होता.

मॅडमना हे थांबवणं भाग होतं. त्यांनी ठकूबाईंना समोर बसवून सांगितलं, की मनाने ठरवून हात उचलायचा रस्ता वेगळा आणि जांभईचा वेगळा. जांभईचा मेंदूच्या खालच्या भागातून येतो, फार जुना रस्ता आहे, तो शाबूत आहे. पण त्या रस्त्यावरून ठरवलेलं काम होत नाही. त्याने घास उचलता येणार नाही की बटण लावता येणार नाही, त्यासाठी व्यायामच...

इथे मॅडमना जांभई आली. मोठी. तोंडावर हात ठेवेपर्यंत उशीर झाला होता. ती बुधाजीबाबांना लागली आणि त्यांचा हात खांदा ओलांडून थेट कानापर्यंत गेला. इतका वर आधी कधीच गेला नव्हता.

ठकूबाई भारावून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शिकलेल्या मानसाचं येगळंच असतं."

* * *

घरी आम्ही बाबांना गिळायला शिकवायला घेतलं. कल्याणच्या दवाखान्यातल्या स्पीच थेरपिस्टनी मला सगळं दाखवून दिलं होतं. ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडे, घट्ट पेज, लहान चमचा, एका वेळी एकच घोट. पाणी अजिबात नाही, कारण पातळ पाणी चुकून श्वासनलिकेत जातं.

अडचण अशी, की आमच्याकडे सून सासऱ्याच्या पुढ्यात बसत नाही, अंगाला हात लावणं तर लांबच. दवाखान्यात मी सासऱ्यांच्या वयाच्या आठ-आठ माणसांचे पाय मांडीवर घेऊन बसते. घरी मी उंबऱ्यात उभी राहायची, सूचना द्यायची, आणि सगळं सासूबाई करायच्या. त्यांचा हात माझ्याहून हलका आहे, त्यामुळे मला ते बरंच वाटलं.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, घरातला लहानात लहान चमचा लागेल. सासूबाईंनी थोडा विचार केला आणि देव्हाऱ्यातली तांब्याची पळी चिंचेने घासून आणली. "ह्याहून लहान आन् ह्याहून सोवळं आपल्या घरात काय नाय." मी बघितली. माप अगदी बरोबर होतं. चालेल म्हटलं.

बाबांना पडवीतल्या खाटेवर भिंतीला टेकवून बसवलं. बातमी गेली होती, त्यामुळे भावकीतली पाच-सहा माणसं येऊन उभी राहिली. यमुनाकाकींनी घशाला बरी म्हणून पेजेत तुळशीचं पान टाकलं. सासूबाईंनी पळी ओठांशी नेली. बाबांनी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सासूबाई विनवायच्या, काकी "आ करा, आ" म्हणून स्वतः आ करून दाखवायच्या, चुलत सासरे पाठीवर हात फिरवायचे. दात घट्ट मिटलेले.

मला मात्र अर्थ कळला होता. संध्याकाळी बाबा खाटेवर डुलकी घेत तेव्हा मी बघितलं होतं, त्यांचा कंठ अधूनमधून वर-खाली व्हायचा. थुंकी गिळली जात होती. जांभईला तोंडही उघडत होतं. म्हणजे आपोआप होतं ते होतंय, सांगितलेलं होत नाहीये. बुधाजीबाबांच्या हातासारखं. ठरवून तोंड उघडायचा रस्ता बंद, बाकी शाबूत. याला पुस्तकात नावही आहे. मी ते नाव नवऱ्याला दोनदा सांगितलं. त्याने दोन्ही वेळा मान हलवली.

मग सासूबाईंना म्हटलं, सांगू नका, जांभईची वाट बघा. तोंड उघडलं की लगेच थोडीशी पेज जिभेच्या पुढच्या टोकाला लावा. त्या बिचाऱ्या पळी हातात धरून तास-तास बसायला लागल्या. जांभई यायची, तोंड उघडायचं, पळी जवळ जायची, आणि तोंड खाडकन मिटायचं.

मी ते वहीत लिहून ठेवत होते. नऊ दिवस झाले होते.

* * *

शहापूरला भाजी विकणाऱ्या लीलाकाकींचा चेहरा एका बाजूने उतरला होता. त्यांना रोज आरशासमोर बसवून हसायला सांगायचं असतं. काकी मनापासून प्रयत्न करायच्या. उजवा कोपरा वर जायचा आणि डावा जागेवर.

पण त्या दिवशी बाकावरचा जांभयांचा प्रकार चालू असताना मी त्यांच्याकडे बघत होते. त्या पोट धरून हसत होत्या आणि दोन्ही कोपरे सारखे वर गेले होते. चेहरा अगदी सरळ. मी लगेच आरसा नेऊन समोर धरला. काकींनी स्वतःला बघितलं, हसू थांबलं, आणि मग 'परत हसा' म्हटल्यावर पुन्हा वाकडं.

त्यांना समजावलं, की सांगून हसायचा रस्ता वेगळा असतो आणि खरं हसू येतं तो वेगळा. हे सांगताना मला माझ्या लग्नाचा अल्बम आठवत होता. फोटोग्राफरने तीन तास 'वहिनी, स्माइल' केलं होतं. त्यातल्या एकाही फोटोत मला मी ओळखू येत नाही. फक्त एका फोटोत ओळखू येते, त्यात मंडपाचा कोपरा कोसळलाय आणि मला हसू फुटलंय.

लीलाकाकींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे खोटं हसायचं तेवढं बंद पडलंय. मग ऱ्हाऊ दे की गो तसंच. आता गिऱ्हाइकासमोर हसायला नको."

त्या व्यायाम नियमाने करतात, हे सांगायला हवं. पण घाईत नाहीत.

* * *

हसण्यावरूनच खंडूमामा. यांचं उलटं झालंय. मनात काही नसताना हसू फुटतं आणि आवरत नाही. मेंदूत हसण्याला लगाम घालणारी एक वाट असते, ती तुटली की असं होतं. काहींना रडू येतं. मामांच्या वाट्याला हसू आलं.

त्यांच्या चुलत्यांचं दहावं होतं. नदीवर सगळी भावकी बसलेली. पिंडाला कावळा शिवेना. अर्धा तास झाला, कुणी बोलेना, आणि त्या शांततेत खंडूमामा खदखदून हसले. चुलत्यांच्या मुलांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

मामा दवाखान्यात आले, पण व्यायामाला उठले नाहीत. त्यांना तो अपमान फार लागला होता. मॅडमनी लेटरहेडवर लिहून दिलं, 'यांचे हसणे मेंदूच्या आजारामुळे असून त्यामागे कोणताही हेतू नाही.' सही, शिक्का. मामांनी ती चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली आणि चुलतभावांच्या घरी जाऊन दाखवली. भांडण मिटलं.

पुढच्या महिन्यात ग्रामसभा झाली. सरपंचांनी जाहीर केलं, की वाडीचा रस्ता या वर्षी नक्की पूर्ण होणार. खंडूमामा हसले. त्यांच्यामुळे सगळी सभा हसली. सरपंच चिडून त्यांच्याजवळ आले, तेव्हा मामांनी खिशातून चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली.

मी त्यांना विचारलं, मामा, खरं सांगा, ते हसू मेंदूचं होतं का?

"शिक्का तुमचाच हाय ना?" मामा म्हणाले.

* * *

मंगळवार उद्यावर आला. सोमवारी सकाळी मी दवाखान्यात मॅडमना वही दाखवली. रोजचं नीट लिहिलं होतं. थुंकी गिळतात. जांभईला तोंड उघडतं. सांगून उघडत नाही. पळी जवळ येताच मिटतं. खाली पुस्तकातलं नाव, अधोरेखित.

मॅडमनी वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"प्राची, पळी बघून तोंड मिटतं ना?"

"हो."

"मग ते मिटतंय कोण?"

मी वही परत वाचली. रस्ता बंद असता तर जांभईला उघडलेलं तोंड पळी येवो न येवो, उघडंच राहिलं असतं. मिटणं हे काम होतं. बाबा ते रोज करत होते, वेळेवर आणि पूर्ण ताकदीने. त्यांच्या तोंडाला काही झालेलं नव्हतं. त्यांना ते उघडायचं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, हाफ डे घे.

घरी पोचले तेव्हा चार वाजत आले होते. पडवीत सगळे जमलेले होते, नेहमीपेक्षा जास्त. उद्या कल्याणला न्यायचं म्हणून लांबचेही आले होते. बायकांच्या डोक्यावर पदर, पुरुष हात बांधून उभे. बाबा भिंतीला टेकून, डावा हात पोटावर. सासूबाई समोर वाटी आणि पळी घेऊन बसल्या होत्या.

मी रोज उंबऱ्यातून बाबांकडे बघायची. बाबांना काय दिसतं ते मी कधी बघितलं नव्हतं. मी आत गेले आणि खाटेवर बाबांच्या शेजारी बसले. यमुनाकाकींनी नाकाला पदर लावला. मी बाबांसारखी भिंतीला टेकून समोर बघितलं.

अर्धगोल करून उभी असलेली भावकी. रडून लाल झालेले सासूबाईंचे डोळे. तांब्याची पळी आणि तिच्यात तुळशीचं पान.

मी विचारलं, "आई, या पळीनं घरात आधी कुणाला काही पाजलंय?"

प्रश्न सोपा होता. सासूबाई सांगायला लागल्या. पाजलंय की. आधी आजेसासऱ्यांना. मग त्यांच्या सासूबाईंना. मग थोरल्या भावजींना. घरातल्या जाणाऱ्या माणसाच्या तोंडात शेवटचं पाणी घालायचा मान ह्यांचाच, दर वेळी ह्यांनीच तुळस घालून, ह्याच...

खाटेवर, असं म्हणायचं होतं. त्या थांबल्या. त्यांनी हातातल्या पळीकडे बघितलं. मग बाबांकडे. बाबा इतके दिवस फक्त त्यांच्याकडेच बघत होते.

"अगो बाय," यमुनाकाकी म्हणाल्या आणि पुढे होऊन त्यांनी दोन बोटांनी तुळशीचं पान उचलून घेतलं.

मी काकींना म्हटलं, एवढ्या सगळ्यांना चहा करायला हवा आणि आमची चूल अडकलीय, तुमच्याकडे ठेवाल का. काकी लगेच सगळ्यांना घेऊन गेल्या. या घरात माझं कुणी इतकं पटकन ऐकल्याचं ते पहिलंच.

पडवीत आम्ही तिघंच राहिलो. मी बाबांकडे वळले. लग्न झाल्यापासून त्यांच्याशी मी सरळ एक वाक्य बोलले नव्हते.

"बाबा, ही पेज आहे. कुणी कुठं जात नाहीये. उद्या डॉक्टरांना दाखवायचंय, म्हणून."

बाबांनी माझं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरून विश्वास बसल्यासारखं वाटलं नाही. मी आत जाऊन माझ्या आहेरातला चमच्यांचा बॉक्स शोधला, स्टीलचे, अजून प्लास्टिकमधे होते. चमचा काढून, धुऊन परत आले, तर बाबांनी डावा हात पोटावरून काढला होता. सासूबाईंच्या हातातली पळी त्यांनी घेतली होती. ती पेजेने भरली होती. पण पळी त्यांच्या स्वतःच्या तोंडाकडे नव्हती. त्यांनी ती सासूबाईंच्या तोंडासमोर धरली होती.

"मला कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

बाबांचा हात तसाच. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी चमचा पदराला पुसत बसले, तो आधीच कोरडा होता.

सासूबाईंनी तोंड पुढे केलं आणि पळीतली सगळी पेज प्यायल्या. पदराने ओठ पुसले. मग दोघं एकमेकांकडे बघत बसली. बराच वेळ सासूबाईंना काहीच झालं नाही.

"मीठ नाय ह्यात," सासूबाई म्हणाल्या.

बाबांनी तोंड उघडलं.